परत गेलेलं ताट

वॉर्डातल्या मावशी दुपारी ताटं गोळा करायला आल्या की माझं लक्ष त्यांच्या बादलीकडे जायचं. मधुमेहाच्या पेशंटांची ताटं जवळजवळ भरलेलीच परत जायची. वातड चपात्या, दुधीची पाणचट भाजी, गार वरण.

बाबा जन्मभर लग्नाच्या पंगतींचे आचारी. ताट परत देताना ते मावशींना म्हणायचे, "बाई, माफ करा. अन्न टाकवत नाही, पण घशाखाली उतरतही नाही."

मी चिडायचे. "औषध समजून खा ना, बाबा. इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलात तर साखर एकदम उतरेल."

मग ते मुकाट्याने एखादा घास घ्यायचे. त्यांची साखर आम्ही सगळेच दिवसातून चारदा विचारायचो. तोंडाला चव आहे का, हे कुणीच विचारलं नाही.

दाखल केल्यापासून अकराव्या दिवशी साखर खरंच उतरली. त्यांना घाईघाईने आयसीयूत नेलं. मी रिकाम्या कॉटपाशी उभी होते, तेवढ्यात त्यांचं ताट आलं. मी पहिल्यांदाच त्यातली भाजी तोंडात घातली. मला ती गिळवेना.

बाबा परत आले नाहीत. भेटायला येणारे म्हणतात, "तू त्यांचं सगळं केलंस."