स्पोर्ट गाडीत अकरा किलो रुई

माझ्या बायकोने मरायच्या पाच दिवस आधी माझ्याकडे काहीतरी मागितलं. मी लगेच हो म्हणालो. काय मागितलं, ते मला ऐकू आलं नाही!

यात माझ्या कानांचा दोष नाही. (डावा जरा जड आहे, पण उजवा चांगला आहे.) दोष किशोरच्या मोटारीचा. किशोर माझा एकुलता एक मुलगा, जळगावात त्याचं मोबाईलचं दुकान आहे. चाळिशी ओलांडली की माणसं गुडघ्यांना तेल चोळतात. याने सुरतेहून जुनी स्पोर्ट गाडी आणली. लाल. दोन दारांची. जमिनीला एवढी चिकटलेली की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं! मागे एक सीट होती, पण ती माणसाच्या मापाची नव्हती, दोन पपयांच्या मापाची होती. तिथे यशोदाला बसवलं. यशोदा म्हणजे माझी बायको. मी पुढे बसलो, कारण मी मोठा. (असला मोठेपणा!)

धुळ्याला देवपुरात यशोदाची मोठी बहीण राहते, अक्का. तिला भेटायला निघालो होतो, दुसरं काही काम नव्हतं. एरंडोल सोडलं, सिमेंटचा रस्ता लागला, आणि ते रुंद टायर असे बोंबलायला लागले की वाटावं बुडाखाली पिंजायचं मशीन लावलंय. पिंजायचं मशीन मला माहीत आहे, चाळीस वर्षं गाद्या भरल्यात मी. मशीन परवडलं, त्याला बटण तरी असतं!

मागून यशोदा बोलत होती. मान वळवली की तिचे ओठ हलताना दिसायचे. पारोळ्याच्या अलीकडे तिने माझ्या खांद्याला हात लावून काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "हो हो!" किशोरही पुढे बघत ओरडला, "हो आई, हो!" ती एवढी खूश झाली की अक्काच्या दारात उतरताच म्हणाली, "दोघं हो म्हणाले गं!" आणि दोघी बहिणी हातात हात घालून आत गेल्या.

संध्याकाळी परत निघालो. येताना ती एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, झोप लागली असेल.

पाचव्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता ती गेली. हार्ट. चहा उतू गेल्याचा वास आला आणि मी बाहेरच्या ओट्यावरून ओरडलो, "लक्ष कुठंय तुझं?" हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. मी हो कशाला म्हणालो? बाईने काशी मागितली? पाटल्या मागितल्या? का मी तंबाखू सोडतो म्हणून कबूल करून बसलो? किशोरला विचारायची सोय नव्हती. त्याने नक्की ऐकलं असणार, आणि तो मनात म्हणणार, बापाने शेवटपर्यंत आईचं ऐकलं नाही. तसंही आमचं बोलणं एवढंच उरलं होतं, "जेवलात?" "जेवलो." अक्काला विचारावं, तर तिची जीभ म्हणजे दाभण! म्हणून मी सगळा राग गाडीवर काढला.

एक दिवस म्हटलं, "किशोर, या गाडीचा आवाज बंद करायचा."

वाटलं होतं, भांडेल. तो पटकन म्हणाला, "करू."

मेकॅनिककडे नेली. त्याने काळ्या चिकट शीटा दाखवल्या. "दारांना आतून लावू, तळाला लावू. खूप फरक पडेल. टायरचा थोडा आवाज मात्र राहणारच, आबा."

मी शीट हातात घेऊन पाहिली. "हे तर छपराला लावायचं डांबर! आवाज रुईत मरतो. माझ्या दुकानासमोर वरातीचा बँड वाजला तरी आत गाद्यांच्या थप्पीत कळायचं नाही."

"आबा, ही मोटार आहे."

"मोटार असो नाहीतर पाळणा, भरायचं कसं ते मला शिकवू नको!"

मी चौथी शिकलेला माणूस. पण भरायचं म्हटलं की माझ्या हाताला डोळे फुटतात. चार दिवस अंगणात गाडी उघडी टाकून बसलो. सीटा उसवल्या, फुगवल्या, शिवल्या. तळाला गादी घातली. छताला रजईसारखे टाके घेतले. दारांचे पत्रे किशोरने उघडून दिले, त्यांच्या पोटात रुई कोंबली. डिक्कीत कोंबली. समोरच्या डब्यामागे हात जाईल तिथे कोंबली. सगळी मिळून अकरा किलो!

शेजारचा सुपडूभाऊ कुंपणावरून बघत होता. "आबा, हाई काय करी ऱ्हायनात? बठ्ठा कापूस हाईमाच टाकतस का?"

"आवाज बंद करतोय."

"मंग इंजनच काढी टाका ना!"

माणसाचं दुःख बघून लोक गप्प बसतात म्हणे. खानदेशात नाही!

पाचव्या दिवशी एरंडोलच्या पुढे जाऊन बघायचं ठरलं. बसलो, तर सीट एवढी उंच झालेली की माझी टोपी छताला लागली आणि मान वाकडी. पट्टा लावायचा खटका गादीत बुडालेला, तो किशोरने कोपरापर्यंत हात घालून शोधला. ब्रेक दाबला की पाय रुईत जायचा! तेवढी रुई त्याने मुकाट्याने काढून बाहेर टाकली. काच खाली करायला गेला, ती दोन बोटं उतरली आणि रुतून बसली. दाराच्या पोटात काच उतरते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (मेकॅनिक सांगत होता. मी बोलू दिलं नव्हतं.)

पण खरं सांगतो, एरंडोलच्या पुढे तोच सिमेंटचा रस्ता लागला आणि आवाज नाही! देवळाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखं शांत. किशोरचा श्वास ऐकू येत होता. माझाच घसा खाकरल्यावर मी दचकलो. एवढी गाडी शांत केली, आणि आता मागे बोलायला कोणी नव्हतं.

किशोर म्हणाला, "आबा, एक विचारू? चिडणार नाही ना?"

"विचार."

"त्या दिवशी आई काय मागत होती?"

मी मान वळवायला गेलो, ती छतात अडकली. "अरे, मी तुला विचारणार होतो!"

"मला ऐकूच आलं नाही. तुम्ही हो म्हणालात, म्हणून मी हो म्हटलं."

"मी म्हणालो म्हणून? तू गाढव आहेस का?"

"मग तुम्ही का म्हणालात?"

बायकोला हो म्हटलं की बोलणं लवकर संपतं, हे पंचेचाळीस वर्षांच्या संसारात शिकलेलं एकच शहाणपण. तेच नडलं.

"गाडी वळवू नको," मी म्हटलं. "देवपूरला चल. अक्काला माहीत असेल."

वैशाखातलं ऊन, काचा बंद, आणि आम्ही दोघं रुईत पुरलेले. घामाच्या धारा लागल्या तसा किशोरने एसी लावला. समोरच्या जाळ्यांतून आधी एक फूस आली, मग दुसरी, आणि मग गाडीत बर्फ पडायला लागला! जिकडे हात जाईल तिकडे कोंबलेली ती रुई आता मिळेल त्या वाटेने बाहेर येत होती. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, किशोरच्या तोंडात रुई, माझ्या नाकात रुई. त्याने कशीबशी गाडी कडेला घेतली. पुढेच पोलीस उभा होता. त्याने काचेवर टकटक केलं. काच उतरेना. दार उघडलं, तर ढगच्या ढग त्याच्या वर्दीवर!

"काय आहे आत?"

"रुई," मी म्हटलं.

"एवढ्या भारी गाडीतून कापूस नेता?"

"नेत नाही साहेब, तो गाडीतच राहतो."

त्याने गाडीचे कागद पाहिले, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि हात जोडले. "जा बाबा. सावकाश जा."

एसी बंद करून, एक दार दोरीने अर्धवट उघडं बांधून, बैलगाडीच्या चालीने देवपुरात पोचलो. अक्का दारात आली. "अरे देवा! हाई काय सोंग शे?"

पाणी प्यायलो. मी मिशांतली रुई काढत बसलो. शेवटी किशोरनेच विचारलं, "मावशी, त्या दिवशी आई गाडीत काय मागत होती गं?"

"म्हणजे? तुम्ही दोघांनी हो म्हटलं ना?"

किशोरने माझ्याकडे पाहिलं, मी किशोरकडे.

"ऐकू न येता हो म्हटलं? दोघांनी?" अक्काने कपाळावर हात मारला. "एसटीने परत जायचं म्हणत होती बिचारी! त्या सीटवर तिचे गुडघे छातीला लागत होते. म्हणे, मी आणि हे एसटीने जाऊ, किशोर आपली गाडी घेऊन येईल. पारोळ्याला उतरू, चहा पिऊ, मग दुसरी गाडी धरू. एवढंच! हो म्हणाले म्हणून नाचत आली इथे. आणि संध्याकाळी तुम्ही दोघांनी तिला परत त्याच खुराड्यात कोंबलं. मला वाटलं, शब्द फिरवला."

"ती काही बोलली का?" मी विचारलं.

"म्हणाली, जाऊ दे अक्का, पोराला वाईट वाटेल."

बाईला गाडीतून उतरायचं होतं. आणि मी चार दिवस बसून तीच गाडी भरत होतो!

किशोर उठून बाहेर गेला आणि मुठीमुठीने रुई ओढून काढायला लागला. मीही गेलो. दोघं रडलो. रुईमुळे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुळे स्टँडवर जाऊन एसटी धरली. किशोर म्हणाला, "मी पण येतो." म्हटलं, "तू गाडी घेऊन ये. तसं ठरलं होतं." पारोळ्याला उतरलो. चहा प्यायलो, गोड होता. मग दुसरी एसटी धरली आणि एका बाईशेजारी जागा मिळाली. सगळ्या काचा खडखडत होत्या. बाई माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. मी म्हटलं, "हो हो." थोड्या वेळाने परत बोलली. मी परत म्हटलं, "हो हो!" आणि मग माझं मलाच कळलं, काय करतोय मी. लाज वाटली. नीट वळलो, उजवा कान तिच्याकडे केला, म्हटलं, "बाई, माफ करा. मला ऐकू आलं नाही. परत सांगा."

"पारोळ्यापासून सांगतेय बाबा," ती ओरडली, "माझ्या बिबड्यांच्या पिशवीवर बसलायत तुम्ही, सगळ्या पापडांचा चुरा! उठता का म्हणून दोनदा विचारलं, दोनदा हो म्हणालात!"