काठाची वांगी

“काठाचं की मधलं?” वांगी मागितली की भाजीवाले मामा आधी हे विचारायचे. उत्तर मिळेपर्यंत तराजूला हात लावायचे नाहीत.

दर रविवारी सकाळी टी. नरसीपूरजवळच्या शेतातून ते म्हैसूरच्या हेब्बाळला, आमच्या सोसायटीच्या गेटवर यायचे. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरकडे राहिलेलं मराठी घर, त्यामुळे बोलण्यात निम्मं कन्नड. शेती बिनरसायनाची. तरी टोपल्या दोन.

“नोडी, बघा, शेजारचा औषध मारतो. वारं आलं की ते माझ्या काठाच्या तीन ओळींवर पडतं. ते ऑरगॅनिक म्हणून कसं विकू? ते साधं. निम्म्या भावात न्या.”

मधलं दुप्पट का, हे मी एकदाच, चाचरत विचारलं. मामांनी एक पोखरलेलं वांगं फोडून दाखवलं. “आधी किडे जेवतात, पोरी. मग तण. शेजारी फवारा मारून घरी जातो. माझ्याकडं चार बायका उन्हात बसून उपटतात. त्यांना मजुरी म्हणून काय, फुलं देऊ? आणि काठाचं नुकसान मधल्यानंच भरायचं की.”

एका रविवारी आमच्या सेक्रेटरीबाईंनी दोन्ही टोपल्यांचा फोटो ग्रुपवर टाकला. ‘शेत एकच, भाव दोन. सावध राहा.’ तुम्हीही अशा ग्रुपवर असाल. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ज्याने आपणहून सांगितलं तोच चोर ठरला. दोन वर्षं काठाचीच वांगी नेणाऱ्या काकांनीही लिहिलं, ‘टोपी घालतो.’

पुढच्या रविवारी बाई गेटवरच उभ्या होत्या. “दोन्ही सारखीच दिसतात. पुरावा काय?”

“अय्यो, मी बोललो नसतो तर काठ तरी कळला असता का तुम्हाला?”

“उद्धटपणा नको. आजपासून इथं बसायचं नाही.”

मामा माझ्याकडे वळले. “पोरी, तुला सगळं सांगितलंय न्हवं? सांग की यांना.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. शाळेत मी इंग्रजीतून वादविवादाची बक्षिसं मिळवली होती. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. मामांनी टोपल्या स्कूटरला बांधल्या.

आता त्या जागी एका कंपनीची गाडी येते. प्लास्टिकच्या डब्यात चार वांगी, झाकणावर ‘ऑरगॅनिक’चं हिरवं पान, भाव मामांच्या मधल्यापेक्षाही चढा. सेक्रेटरीबाई दोन डबे उचलतात. शेत कुठलं, शेजारी कोण फवारतं, कुणीच विचारत नाही. परवा आईने पाठवलं म्हणून मीही त्या रांगेत उभी राहिले.