खालांचा डावा हात

१९९१ च्या डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्या वारूळवाडीच्या घरी मी झुलेखाखालांचा कुवेतच्या नुकसानभरपाईचा अर्ज भरला. मागणी बासष्ट हजारांची. हजर तिघं : खाला, त्यांचा भाचा इक्बाल आणि मी. तीन आठवड्यांपूर्वी जुन्नरला खाला वारल्या, तेव्हापासून तो अर्ज डोक्यातून जात नाही...

साठीच्या खाला कुवेतमध्ये एका घरी स्वयंपाकाला होत्या. १९९० च्या ऑगस्टात इराकी सैन्य घुसलं, मालक पळाले, खाला महिन्या-दोन महिन्यांनी कशाबशा परतल्या. मागणीत थकलेला पगार होता आणि सोन्याच्या चार बांगड्या. पावती नव्हती. खाला डावा हात पदराबाहेर काढत नव्हत्या. बांगड्या त्या हातातच असणार, असं मी मनाशी धरलं.

पुढे इजेचा रकाना होता. मी लिहिता लिहिताच म्हणालो, "तुम्हाला या वयात कोण काय करणार, खाला?" इक्बाल हसला, "आमच्या खालाला बघून शिपाईच पळाले असतील." खालाही हसल्या. मी ‘नाही’ लिहिलं.

पाच वर्षांनी माझ्या मुलीच्या लग्नात बांगड्या भरायला कासारीण आली. खालांनी उजवाच हात पुढे केला. आमच्या घरातही कुजबूज झाली, की डाव्या हातात कुवेतचं सोनं असेल. कासारणीने थट्टेत तो हात ओढला आणि चाचपला. मग हळूच म्हणाली, "ह्यात बांगडी चढायची न्हाई. मनगट कुणीतरी पिरगाळलंय, वाकडंच सांधलंय."

मग खालांनीच सांगितलं, बांगड्या लवकर निघेनात म्हणून इराकी शिपायाने हात बुटाखाली दाबून पिरगाळला होता. त्यानंतरचं खालांनी माझ्या बायकोला एकटीलाच सांगितलं. बायकोने ते मला आजवर सांगितलेलं नाही.

तेव्हाच का बोलला नाहीत, असं मी खालांना विचारलं. आवाजात माझा जुना संशय असावा.

"तुमी इचारलं कुठं, भाऊ? तुमीच सांगितलं, मला कोण काय करणार."

मी दुरुस्तीचा अर्ज धाडला. मुदत संपल्याचं उत्तर आलं. पुढे खालांच्या नावे देश सोडावा लागल्याची ठरलेली रक्कम दोन हप्त्यांत आली. त्यांनी ती स्वतः बँकेत सही करून घेतली. बांगड्यांपोटी काही नाही, पावती नव्हती. हातापोटी काही नाही, मागणीच नव्हती.