पाहुणे, पंखा आणि पोतंभर केस

आमच्या ताईचं लग्न केसांमुळं मोडता मोडता राहिलं. केस तिचे नव्हते. नवरदेवाचे तर नव्हतेच, कारण त्याच्या डोक्यावर एकही नव्हता!

त्याचं असं झालं, की मी तेव्हा विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकत होतो. वन्यजीव संवर्धन हा खास विषय. घरात तो कुणालाच नीट सांगता यायचा नाही. पप्पा विचारणाऱ्याला सांगायचे, "प्राण्यांचं कायतरी करतो." त्यामुळं आमच्या हडकोतल्या गल्लीतले लोक लंगडणारी कुत्री घेऊन आमच्या दारात यायचे. माझं स्वप्न मात्र बिबट्याचं होतं. गौताळ्याचं जंगल, गळ्यात दुर्बीण, वाढलेली दाढी! पण प्रबंधाचे विषय वाटायच्या दिवशीच माझी गाडी पंक्चर झाली. मी पोचेपर्यंत बिबट्या गेला होता, लांडगा गेला होता, माळढोक एका मुलीनं पटकावला होता. उरलं होतं रानडुक्कर.

"पिकांचं रानडुकरांपासून संरक्षण, घरगुती उपाय," आमच्या गाइड मॅडम म्हणाल्या. "फार उपयोगी विषय आहे हं."

(उपयोगी विषय म्हणजे जो दुसऱ्या कुणी घेतला नाही तो.)

घरगुती उपायांतला पहिला उपाय केसांचा. शेताच्या कडेनं माणसांचे केस पसरायचे. डुक्कर जमीन हुंगत हुंगत येतं, केस नाकात जातात, ते शिंकतं, वैतागतं आणि आल्या पावली परत जातं. निदान शेतकरी तसं सांगतात. ते खरं का खोटं हे मी करमाडला काकांच्या शेतात सिद्ध करायचं होतं. काकांचं शेत तयार होतं, डुकरं तर कायमच तयार होती. प्रश्न केसांचा होता.

औरंगपुऱ्यात आमचं नेहमीचं कटिंगचं दुकान आहे. तिथल्या मामांना म्हटलं, "मामा, केस पाहिजेत."

"कापायचेत का?"

"नाही, न्यायचेत. पोतंभर."

मामांची कात्री गिऱ्हाइकाच्या कानावर थांबली. "विग करायचाय?"

"नाही हो, डुकरांसाठी पाहिजेत."

"डुकरांना विग?" मामा म्हणाले आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या कटिंगवर उठून उभं राहिलं.

शेवटी मामांनी दया केली. आठवडाभरात युरियाची एक रिकामी गोणी ठासून भरून दिली. ती घेऊन रिक्षात बसलो तर रिक्षावाला आरशातून बघायलाच लागला.

"भाई, क्या है इसमें? लई नरम दिख रा."

"बाल हैं."

"किसके?"

"सबके."

त्यानं आरसा दुसरीकडं वळवला. घरापासून बरंच अलीकडं मला उतरवलं आणि पैसे न मोजताच निघून गेला.

घरी आईनं विचारलंच, "काय आणलंस रे हे?" खरं सांगितलं असतं तर गोणी कचऱ्याच्या गाडीत गेली असती आणि माझी पदवीही. मी म्हटलं, "विद्यापीठाचं सामान आहे. उघडू नको." आणि गोणी गॅलरीत ठेवून दिली. रविवारी करमाडला न्यायची होती.

रविवारी ताईला बघायला पाहुणे येणार आहेत, हे मला रविवारी सकाळी कळलं.

तसं ताईचं आणि प्रशांतचं ठरल्यातच जमा होतं. दोघं एकाच ऑफिसात, एकमेकांना पसंत. ताईचा तर त्याच्यावर भारी जीव. हसतमुख, सरळ माणूस, फक्त केस पंचविशीतच सोडून गेलेले. अडचण होती ती त्याच्या वडिलांची. तात्या फर्दापूरकडचे मोठे बागायतदार, अंगानं दणदणीत आणि मानपानाच्या बाबतीत भलतेच हळवे. एका ठिकाणी चहा बशीत ओतून दिला नाही म्हणून ते उठून आले होते म्हणे! ताई रात्रभर झोपली नव्हती. सकाळी तिनं माझा हात धरून सांगितलं, "भावड्या, आजचा दिवस कायबी गडबड करू नको. तात्या नाही म्हटले तर प्रशांत त्यांच्या पुढं जायचा नाही."

आईनं तर घरभर हुकूमच काढला होता. "केसांचा विषय काढायचा नाय! तेलाचा नाय, शांपूचा नाय, कंगव्याचाबी नाय!" बेसिनवरचा कंगवा तिनं पिठाच्या डब्यात लपवला.

मला गुलमंडीवरून इमरती आणायला पिटाळलं. इमरती घेऊन परत आलो तर पाहुणे आलेले, ताई पोहे देत होती, पंखा पूर्ण वेगात, आणि तात्या बसले होते... मी दारातच थिजलो. खुर्च्या कमी पडल्या म्हणून पप्पांनी गॅलरीतली गोणी आत आणली होती, तिच्यावर ठेवणीतली हिमरू शाल अंथरली होती आणि मानाची जागा म्हणून तिच्यावर तात्यांना बसवलं होतं!

"लई मऊ हाय हो बैठक," तात्या खूश होऊन म्हणत होते. "कुठून घेतली?"

"पोरानं आणली, विद्यापीठातून," पप्पा अभिमानानं म्हणाले.

"तात्या," मी म्हटलं, "तुम्ही खुर्चीवर बसता का?"

पप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मी इमरती ताटलीत काढायला लागलो. तात्या आणखी ऐसपैस टेकले. गोणीतून आधी बारीक 'टर्र' असा आवाज आला. सगळ्यांनी सभ्यपणे दुसरीकडं बघितलं. (आवाज तात्यांचा असावा असाच सगळ्यांचा समज झाला.) मग मोठा 'टर्रर्र' झाला आणि शिवण उसवली!

त्यानंतर जे झालं ते सांगायला माझी जीभ अजून अडखळते. काळे, पांढरे, मेंदी लावलेले, अख्ख्या औरंगपुऱ्याचे केस पंख्याच्या वाऱ्यावर हॉलभर उडाले. पोह्यांत केस, चहात केस, इमरतीच्या पाकात केस! प्रशांतची आई शिंकायला लागली ती थांबेचना. (उपाय डुकरांवर चालो न चालो, विहिणीवर चालला.) आई "पंखा बंद करा!" म्हणून ओरडली, तर पप्पांनी घाईत भलतंच बटण दाबलं आणि कूलर चालू झाला. आणि त्या सगळ्या वादळातला एक चांगला जाड, कुरळा पुंजका तरंगत तरंगत आला आणि प्रशांतच्या डोक्यावर बरोबर मधोमध बसला.

शेवटी पंखा थांबला. मग कूलरही.

"हे काय हाय?" तात्यांनी विचारलं.

"केस," मी म्हटलं.

"दिसायलेत मला! कशाला आणले? आमच्या पोराच्या टकलाची थट्टा करायची म्हणून व्हय?" तात्या उठले. "चल रे प्रशांत! इथं आपली इज्जत नाय!"

"तसं नाही हो तात्या!" मी दारात आडवा झालो. "देवाशप्पथ, हे तुमच्यासाठी नाहीत, डुकरांसाठी आहेत!"

"मंजी आता आम्ही डुकरं?"

तेवढ्यात कुणीतरी जोरात हसलं. बघतो तर प्रशांत! भिंतीवरच्या आरशात स्वतःला बघून तो पोट धरून हसत होता. "तात्या, बघा ना, अकरावीत मी असाच होतो!" आणि ताई, जी इतका वेळ पोह्यांची बशी घेऊन उभी होती, ती रडत रडतच ओरडली, "काढा ते! मला तुम्ही असेच आवडता! बिनकेसांचेच आवडता!"

आईनं घातलेली बंदी खुद्द नवरीनंच मोडली. पण तात्या चपला घालता घालता वेगळ्याच शब्दावर अडकले होते.

"डुकरं म्हणालास. कोणची? रानडुकरं?"

"हो."

"मका खाणारी?"

"तीच."

तात्यांनी चपला काढल्या. आले आणि त्याच फाटक्या गोणीवर पुन्हा बसले. "नीट सांग बरं. मागल्या साली माझा निम्मा मका खाल्ला बेण्यांनी!"

मग मी नाकात केस, शिंक, वैताग असं सगळं सांगितलं. पप्पा मान हलवत होते, जणू तेच माझे गाइड. ऐकून तात्यांनी मांडीवर थाप मारली. "पोरगी पसंत! मानपान नको, काय नको. ही गोणी तेवढी द्या!"

मग आमचं सगळं घर आणि होणारे व्याही मिळून दुपारभर झाडू घेऊन केस गोळा करत बसलो. ताई आणि प्रशांत एका सुपलीत भरत होते. मी माझ्या आयुष्यात इतका प्रेमळ कचरा भरताना कुणाला पाहिलं नाही.

गोणी फर्दापूरला गेली, म्हणून माझा प्रयोगही तिकडंच गेला. मॅडमनी विचारलं, "जागा का बदलली?" मी म्हटलं, "घरगुती कारण." आणि चमत्कार झाला! अख्ख्या हंगामात तात्यांच्या मक्यात एकही डुक्कर शिरलं नाही. मी छाती फुगवून प्रबंध लिहिला. तोंडी परीक्षेला तात्या स्वतः फेटा बांधून आले आणि मागच्या बाकावर बसले. व्याह्यांच्या पोराचा सत्कार आहे, अशी त्यांची समजूत होती.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "प्रयोगाच्या काळात रात्री शेतात माणसांचा वावर नव्हता ना?"

"अजिबात नव्हता सर," मी ठणकावून सांगितलं.

"नव्हता कसा?" मागून आवाज आला. तात्या उभे राहिले. "म्या रोज बाज टाकून तिथंच झोपायलो होतो की! एवढे लांबून आणलेले केस, कुणी चोरून नेले मंजी?"

परीक्षकांनी चष्मा काढला. "मग डुकरं केसांना भ्यायली का तुम्हाला?"

"मला कशाला भितील? म्या तर झोपलेलो असायचो," तात्या म्हणाले. "आता आमची ही म्हणती, मी लई घोरतो. गाव सोडून ती शेतात निजायला पाठवायची मला, ते वेगळं."

ताईचं लग्न थाटात झालं. मीही काठावर पास झालो. पण प्रबंधात दुरुस्ती करावी लागली, आणि आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझ्या नावानं, कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरांच्या मुखपृष्ठाआड कायमचा निष्कर्ष आहे: "केसांचा परिणाम सिद्ध होऊ शकला नाही. घोरण्याबाबत अधिक संशोधनाची गरज आहे."