डिफेन्समधला थोरात

माणसाचे किस्से त्याच्या मित्रांकडे साठतात की बायकोकडे, हे तो स्वतः किती बोलतो यावर असतं. माझा नवरा श्रीकांत थोरात जवळजवळ बोलतच नाही. अकरा वर्षं तो जपानमध्ये लॅक्रॉस खेळला, आधी ओसाकाच्या युनिव्हर्सिटीकडून आणि मग कावासाकीच्या एका क्लबकडून. पण कुणी विचारलं तर एवढंच सांगतो, "डिफेन्समध्ये होतो." मग पाहुणे माझ्याकडे बघतात. मी चहा टाकते आणि सुरू होते.

आधी खेळ सांगते, कारण आपल्याकडे तो कुणाला माहीत नसतो. टोकाला जाळी असलेली काठी. तिनं रबरी चेंडू झेलायचा, फेकायचा आणि समोरच्यांच्या गोलमध्ये घालायचा. डिफेन्डरची काठी सगळ्यात लांब, सहा फूट. त्यानं गोल करायचा नसतो, होऊ द्यायचा नसतो. त्यासाठी समोरच्याच्या काठीवर आणि हातमोज्यांवर काठीनं मारायची रीतसर परवानगी असते. परवानगीपेक्षा जास्त मारलं तर पंच मिनिटभर बाहेर बसवतात.

*

श्रीकांत सांगलीचा, सहा फूट दोन इंच. मास्टर्स करायला ओसाकाला आला तेव्हा त्याला जपानीत नमस्कार आणि "हो" एवढंच येत होतं. पहिल्याच दिवशी कॅम्पसवर मुलं टेबलं मांडून बसलेली. एकानं त्याच्याकडे मान वर करून बघितलं, हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि पुढे फॉर्म ठेवला. श्रीकांतला वाटलं, होस्टेलची नोंदणी. नाव लिहिलं, उंची लिहिली, बुटाचा नंबर लिहिला. त्या रात्री त्यानं घरी फोन करून सांगितलं की इथली माणसं फार काटेकोर आहेत, होस्टेलच्या सपातासुद्धा मापानं देतात.

आठवड्यानं तीच मुलं त्याच्या खोलीवर आली. त्यांनी त्याला एक हेल्मेट, जाड हातमोजे आणि सहा फुटी काठी दिली. जपानात भूकंप होतात हे तो निघण्यापूर्वी ऐकून आला होता. त्यानं सगळं नीट अंगावर चढवलं, पलंगावर बसला आणि इंग्रजीत शांतपणे विचारलं, "किती वाजता आहे?"

मुलं म्हणाली, चार वाजता.

*

खेळ त्याला पटकन जमला, कारण शाळेत कबड्डी खेळलेला. अडचण होती भाषेची. लॅक्रॉसमध्ये गोलकीपर मागून सतत ओरडत असतो, चेंडू कुठे आहे ते सांगतो. गोलकीपर होता मात्सुदा. त्याचं जपानी श्रीकांतच्या डोक्यात शिरून अर्थ लागेपर्यंत गोल झालेला असायचा. शेवटी मात्सुदानंच मराठी शिकायचं ठरवलं. डावीकडे, उजवीकडे, मागे, आला, सोड, धर. हे शब्द त्यानं जपानी लिपीत हातमोज्याच्या आत लिहून घेतले. पण एकाच वेळी दोन भाषांत ओरडता येईना, म्हणून बाकीच्या दोघा डिफेन्डरांनाही मराठी शिकावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांची अख्खी टीम मराठीतून डिफेन्स करत होती. समोरच्या युनिव्हर्सिटीची मुलं वहीत खुणा करत बसायची. त्यांना वाटायचं, हा सांकेतिक कोड आहे.

आमचं लग्न पुण्यात झालं. मात्सुदा ओसाकाहून आला आणि फेटा बांधून पहिल्या रांगेत उभा राहिला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरकला, मी हार घेऊन एक पाऊल पुढे टाकलं, आणि मात्सुदा आपल्या मैदानावरच्या आवाजात ओरडला, "आली! डावीकडून आली!"

श्रीकांतनं सवयीनं गुडघे वाकवले आणि दोन्ही हात पसरले.

*

लग्नानंतर आम्ही कावासाकीला आलो. तेव्हा दर महिन्याला पुण्याहून कुणी ना कुणी इंजिनिअर तिथं उतरत होता. श्रीकांत सोमवार ते शुक्रवार एका कंपनीत कोड लिहायचा आणि शनिवार-रविवारी क्लबकडून खेळायचा. क्लबमधले सगळेच नोकरीवाले. तरी लीग देशातली वरची होती आणि सामन्याला माणसं यायची.

एका शनिवारी मी बाकाशेजारी त्याची बॅग सांभाळत बसले होते. बॅगेतला फोन वाजला. पुण्याहून त्याचे मॅनेजर कुलकर्णी सर. त्यांनी विचारलं, श्रीकांत कॉलवर का नाही. मला खोटं सुचत नाही. मी म्हटलं, "सर, त्याला बाहेर बसवलंय. एका माणसाला काठीनं मारलं त्यानं."

पलीकडून हळूच आवाज आला, "क्लायंटला?"

मी म्हटलं, नाही, दुसऱ्या कंपनीच्या माणसाला.

"मग ठीक आहे," कुलकर्णी सर म्हणाले. "मोकळा झाला की फोन करायला सांगा."

*

त्याच सीझनला सासूबाई सांगलीहून आल्या. लेक काहीतरी खेळतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. डब्यात बेसनाचे लाडू घेऊन आम्ही सामन्याला गेलो. श्रीकांतच्या वाट्याला समोरच्या टीमचा सात नंबरचा खेळाडू होता, चपळ आणि अंगानं लहानखुरा. श्रीकांत नियमाप्रमाणे त्याच्या हातमोज्यांवर काठी मारत होता आणि सासूबाई प्रत्येक फटक्याला डोळे मिटत होत्या. मी नियम समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, नियम असला म्हणून काय झालं.

मध्यंतरात त्यांनी श्रीकांतला कठड्यापाशी बोलावून घेतलं. "एवढा घोड्यासारखा वाढलास ते त्या पोराला झोडपायला? परत काठी उगारलीस तर माझ्याशी गाठ आहे."

श्रीकांतनं आईला आयुष्यात कधी उलट उत्तर दिलेलं नाही. उरलेला सामना तो काठी झेंड्यासारखी उभी धरून खेळला. सात नंबरनं तीन गोल केले. सामना संपल्यावर सासूबाईंनी सात नंबरला गाठून त्याच्या हातावर दोन लाडू ठेवले. तो कमरेत वाकला, म्हणून त्याही वाकल्या, म्हणून तो आणखी वाकला. शेवटी मी मध्ये पडून त्यांना सरळ केलं.

पुढच्या वर्षी त्याच टीमशी गाठ पडली. सामन्याआधी सात नंबर मुद्दाम मैदान ओलांडून आमच्याकडे आला, हेल्मेट काढून वाकला आणि अतिशय अदबीनं विचारलं, "थोरातसान, तुमच्या आई बऱ्या आहेत ना? आज येणार आहेत का?"

*

एकदा श्रीकांतची काठी मोडली. म्हणजे दांडा वाकला आणि टोकाला चीर गेली. तिथं प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा दिवस वेगळा; ही टाकायची तर कुठल्या कचऱ्यात? दांडा धातूचा, टोक प्लास्टिकचं, जाळी दोऱ्याची. आमच्या बिल्डिंगमध्ये होसोकावासान नावाच्या आजी रोज सकाळी कचऱ्याच्या जागेपाशी उभ्या असायच्या. त्यांच्या नजरेतून दह्याच्या डब्याचं झाकणसुद्धा चुकीच्या दिवशी जायचं नाही. त्यांनी महापालिकेचं वर्गीकरणाचं पुस्तक काढून पानापानांवर काठी शोधली. सापडली नाही. मग ऑफिसला फोन लावला. तिथल्या माणसानं विचारलं, हे मासे धरायचं साधन आहे का? नाही. स्वयंपाकघरातलं? नाही. मग नेमकं काय करतं? होसोकावासाननी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माणसांना अडवतं. त्यांनी ते तसंच पुढे सांगितलं. पलीकडच्या माणसानं साहेबांना विचारून निर्णय दिला की वस्तू वापरात असेल तर ती कचरा धरता येणार नाही.

होसोकावासान काठी घेऊन वर गेल्या. त्यांनी ती बाल्कनीत उभी करून कारल्याचा वेल चढवला. ऑगस्टमध्ये एक कारलं नेमकं जाळीत वाढलं. त्यांनी श्रीकांतला बोलावून दाखवलं आणि अभिमानानं म्हणाल्या, "झेललंय."

*

आता शेवटचा सामना. हा मी सांगायला लागले की श्रीकांत उठून आतल्या खोलीत जातो.

अकराव्या वर्षी त्याचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, या सीझननंतर खेळलात तर जिना चढता येणार नाही. आमची मुलगी चार वर्षांची होती. तिला खांद्यावर घेऊन तो दोन मजले चढायचा, म्हणून त्यानं निमूट ऐकलं. त्यात क्लबची अवस्था वाईट. हा सामना हरलो तर खालच्या लीगमध्ये जाणार. कोच इशीसाननी त्याला बाकावर बसवायचं ठरवलं होतं. श्रीकांतनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हणाला, "उभा तर राहू शकतो."

सामना बरोबरीत चालला होता. शेवटचं मिनिट. आमच्या गोलपाशी गर्दीत चेंडू पडला आणि श्रीकांतनं तो उचलला. सगळे ओरडले, पास दे. तो पळत सुटला. पळत म्हणजे लंगडत. समोरच्यांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. डिफेन्डर पास देणारच, म्हणून ते बाकीच्यांना धरून उभे राहिले. अकरा वर्षांत त्यानं एकही गोल केला नव्हता, हे त्यांच्याही वहीत असणार. आणि असा लंगडत लंगडत हा माणूस थेट त्यांच्या गोलसमोर पोचला.

मी मुलीचा हात इतका घट्ट धरला होता की ती जपानीत म्हणाली, दुखतंय.

त्यानं काठी मागे नेली आणि जिवाच्या आकांतानं फिरवली. चेंडू निघालाच नाही. तो काठीच्या जाळीत अडकला होता. गोलकीपरनं मात्र उजवीकडे झेप घेतली होती आणि तो आडवा पडला होता. सगळं मैदान नसलेला चेंडू शोधत होतं. श्रीकांतनंही आधी आकाशात बघितलं. मग काठी पुढे केली, उलटी धरली आणि बुटातला खडा काढावा तशी झटकली. सहा फुटी काठी म्हणून ती गोलच्या तोंडापर्यंत पोचली. चेंडू टपकन पडला आणि घरंगळत आत गेला.

आम्ही लीगमध्ये राहिलो. त्याला सगळ्यांनी उचलून घेतलं. एका मासिकाच्या बाईंनी विचारलं की ही युक्ती किती दिवस गुप्त ठेवली होती. श्रीकांत विचार करून म्हणाला, "अकरा वर्षं." मला वाटलं, आता घरी तरी खरं सांगेल. गुडघ्यावर बर्फ ठेवताना मी विचारलं, "अडकला होता ना रे?" तो म्हणाला, "बर्फ थोडा डावीकडे."

दोन वर्षांनी इशीसान एका युनिव्हर्सिटीच्या मुलांना शिकवायला लागले होते. त्यांनी आम्हाला सरावाला बोलावलं. मैदानात वीस-पंचवीस मुलं एका रांगेत उभी होती. एकेक जण पळत यायचा, काठी जोरात फिरवायचा, चेंडू जाळीतच ठेवायचा, आकाशात बघायचा आणि मग काठी उलटी करून झटकायचा. या चालीला तिथं "तोरातो" म्हणतात, असं इशीसाननी आम्हाला सांगितलं.

मी श्रीकांतकडे बघितलं. तो हाताची घडी घालून उभा होता.

एक मुलगा घाम पुसत त्याच्यापाशी आला, वाकला आणि विचारलं की आपलं नेमकं कुठे चुकतंय.

श्रीकांतनं त्याची काठी हातात घेतली, जाळी बोटांनी चाचपली आणि परत दिली.

"आकाशात," तो म्हणाला, "जरा जास्त वेळ बघ."