हातात द्या

गुरुजींनी बोटातली अंगठी काढली, पाण्याच्या तांब्यात बुडवली आणि ते सोन्याचं पाणी पुस्तकावर ओतलं. माझा हात लागला होता म्हणून. मी ओसरीवर उभी राहून बघत होते. नांदुऱ्याकडच्या एका खेड्यातली शाळा. वर्ग आत, मी उंबरठ्याबाहेर. महाराची पोर.

पुस्तक देशमुखांच्या इंदूचं. तिच्या मामानं बुलढाण्याहून आणलेली मुलांची कादंबरी. एक पोरकी मुलगी लंगडी शेळी घेऊन घर शोधत रानोरान हिंडते, अशी गोष्ट. शनिवारी शेवटच्या तासाला पोरं रांगेनं बसत. एकानं पान वाचायचं, पुस्तक शेजाऱ्याच्या हातात द्यायचं. रांग उंबरठ्याशी संपली की पुस्तक परत गुरुजींकडे. मी नुसती ऐकायची.

शाळेत माझ्याशी कोणी बोलत नसे. मग घरी जाताना पऱ्हाटीच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं चालत मी गोष्टीतल्या त्या मुलीशीच बोलायची. "मले ने वं संग," म्हणायची. खोटं कशाला सांगू, तेवढी एकच मैत्रीण होती मला. तिला घर मिळतं की नाही, याचा जिवाला घोर लागला होता.

त्या शनिवारी शेवटचं प्रकरण होतं. उंबरठ्याशी बसणारा वामन वाचत होता. मुलगी एका घराचं दार वाजवते. आतून आवाज येतो, "कोण आहे?" तिथं पान संपलं. गोष्टीत गुंगलेल्या वामननं सवयीनं पुस्तक शेजारी दिलं. शेजारी मी. उंबरठ्यावरून पुस्तक माझ्या हातात आलं.

मी वाचलं. मोठ्यानं. "मी आहे, ती म्हणाली."

एवढंच.

"ठेव खाली! बाटवलं!" गुरुजी ओरडले. वामनच्या पाठीत धपाटा बसला. मग ती अंगठी, ते पाणी.

पुस्तक उन्हात वाळत घातलं. कागद हलका. शेवटची पानं अशी चिकटली, की इंदू सोडवायला गेली तर लगदाच हाती आला. पुस्तक शुद्ध झालं, पण वाचता येईना. इंदू रडायला लागली. गुरुजींनी छडीनं पुस्तक ओसरीखाली ढकललं, धुळीत.

"घेऊन जाय. आता तुयंच झालं थे."

मला ते हवं होतं. सुरुवातीची पानं तर शाबूत होती. नुसतं वाकायचं होतं. पण आमच्या घरात सगळं असंच आलेलं. उरलेली भाकर. मयताच्या अंगावरचं लुगडं. त्याच वर्षी आमच्या महारवाड्यातल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. बाप म्हणाला होता, "आता फेकलेलं घ्याचं नाही."

मी म्हणाले, "म्या नाही उचलत, गुरुजी. हातात द्या."

गुरुजींनी दिलं नाही. मी वाकले नाही. पाटी घेऊन निघाले. धुऱ्यावर त्या दिवशी मी अगदी एकटी होते. त्या मुलीलाही हाक मारली नाही.

"काऊन रडून राह्यली वं?" आईनं विचारलं. मी सांगितलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, "बरं केलं. हातातच मांगाचं."

आता मी वस्तीतल्या पोरांना शिकवते. गोष्टीच्या पुस्तकांनी यांची पोटं भरतात का, असं शहाणे विचारतात. उपाशी मी पुष्कळदा झोपले आहे. त्या भुका विसरले. पण गोष्ट ऐन दारात आली असताना मला अडवलं, ते अजून जाळतं. त्या मुलीला घर मिळालं की नाही, मला आजही माहीत नाही. त्या पुस्तकातल्या गावाला महारवाडाच नव्हता, हे मोठेपणी लक्षात आलं. तिनं मला संगं नेलं असतं, तरी मी कुठे राहिले असते?

माझ्या वर्गात पुस्तक रांगेनं फिरतं. एकही हात सुटत नाही. आणि यापुढे पुस्तक असो, मान असो की हक्क, कोणी माझ्या पायाशी टाकलं तर ते तिथंच पडून राहील. मी वाकणार नाही. हातात द्यावं लागेल.