रोबोटच्या पाठीवरचा बिल्ला

आमच्या ऑपरेशन थिएटरात एक्स-रेचं यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे फोटोकाका म्हणतात. मी तिथली सिस्टर. बावीस वर्षं त्यांचं तोंड बघतेय, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. मणक्यात स्क्रू नीट बसतोय का हे बघायला डॉक्टर सारखे ओरडायचे, "काका, फोटो!" एका ऑपरेशनला साठ-सत्तर फोटो. काका शिशाचा एप्रन घालून दिवसभर उभे, आणि तोरा असा, की पेशंटचा कणा यांनीच घडवलाय.

मग चाचणीपुरता एक रोबोट आला. सुरुवातीला एक मोठा स्कॅन, तेवढा वेळ आम्ही सगळे बाहेर. पुढे स्क्रूची दिशा रोबोटचा हात दाखवणार. फोटो उरले आठ. काकांच्या दृष्टीने ही सवतच आली. "मुका मेला," असं ते त्याच्या तोंडावर म्हणायचे.

आमच्या प्रत्येकाच्या एप्रनवर एक बिल्ला असतो. अंगावर किती किरणं पडली ते त्यात नोंदलं जातं आणि दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. रोबोट आल्यावर सगळ्यांचे आकडे धाडकन खाली आले. काकांचा मात्र चौपट! "बघा, हा मेला घातकी आहे, म्हणत नव्हतो?" काका आधी खूश झाले. मग पत्र आलं: चौकशी होईपर्यंत एक्स-रेजवळ फिरकायचं नाही, रेकॉर्ड रूममध्ये बसायचं. तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

घरी तर कहरच. काकूंनी त्यांना कपाटात उभं केलं, दार लावलं आणि अंगातून उजेड येतोय का ते फटीतून पाहिलं. उजेड आला नाही, पण काकूंचा धीर सुटला. एरवी या बाईंच्या जिभेला हाड नाही. त्या दिवसापासून मात्र, "अहो, दमलात का? अहो, बसा ना जरा."

पाचव्या दिवशी ऑपरेशन आटोपल्यावर काका थिएटरच्या दारात हजर.

"डॉक्टर, चूक माझी आहे. स्कॅनला बाहेर जाताना मी एप्रन काढून रोबोटच्या पाठीवर टांगायचो. बिल्ल्यासकट. म्हटलं, मेल्याची खुंटी करून टाकू."

पूर्वी एप्रन काढायला उसंतच नसायची. आता काका भिंतीपलीकडे आरामात चहा पीत होते आणि बिल्ला एकटा आत स्कॅन खात होता! एक हातमोजा खाली पडला तरी मी थयथयाट करते, आणि मला हे दिसलं नाही. माझाच राग आला मला.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "काका, हे लिहून दिलंत तर रोबोट कायमचा राहील. शिवाय तुम्हाला मेमो."

"राहू दे हो. बायको पाच दिवस माझ्याशी गोड बोलतेय. मी मेलोच असं धरलंय तिने. नाही सहन होत मला."

त्यांनी तिथेच लिहून दिलं आणि माझ्या फोनवरून घरी सगळं सांगितलं. पलीकडून काकूंचा आवाज असा फुटला, की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"अक्कल गहाण ठेवली होती का? भिंतीला खुंट्या नव्हत्या? रडून रडून डोळे सुजले माझे, आणि तुम्ही..."

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"बोल," ते म्हणाले, "आणखी बोल."